मृत्युपत्र सगळ्यात शेवटी: अंबड तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाच्या मालमत्तेची मांडणी

वकिलांपुढे पहिल्या बैठकीत ठेवलेला कागद चार वर्षांपूर्वीचा होता. तालुक्याच्या ठिकाणी टाइप करून घेतलेले दीड पानाचे मृत्युपत्र, शंभराच्या बाँडवर, खाली नोटरीचा गोल शिक्का. मजकूर एका ओळीत सांगता येईल: 'माझी सर्व शेतजमीन व घरदार माझ्या थोरल्या मुलास मिळावे.' घरातल्या सगळ्यांची समजूत अशी की काम झालेले आहे, आता फक्त 'रजिस्टर' करून घ्यायचे.

त्या कागदात चार दोष होते. मृत्युपत्राला बाँड लागतच नाही, ते साध्या कागदावरही चालते. म्हणजे बाँडने त्याचे वजन तसूभरही वाढलेले नव्हते. नोटरीचा शिक्का साक्षीदारांची जागा घेत नाही. दोन साक्षीदारांपैकी एकाने सही दुसऱ्या दिवशी घरी केली होती आणि तो थोरल्याचा सख्खा मेहुणा होता. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार दोन्ही साक्षीदारांनी करणाऱ्याची सही होताना पाहिलेली असावी, किंवा 'ही माझीच सही' असे त्याच्या तोंडून ऐकलेले असावे, आणि त्याच्यासमोर आपली सही केलेली असावी. चौथा दोष सर्वांत मोठा: 'माझी सर्व शेतजमीन' म्हणजे नेमकी किती, हे कोणी मोजलेलेच नव्हते.

हे घर खरे म्हणजे एक नाही. जालना, बीड, परभणी या पट्ट्यात दिवाणी वकिलांपुढे वारंवार येणाऱ्या अडचणी एका कुटुंबात बसवून हे प्रकरण मांडले आहे.

घरची माणसे आणि मिळकत

आबा, वय ७४, जिल्हा परिषदेच्या शाळेतून २००९ मध्ये निवृत्त झालेले शिक्षक. पत्नी ६८ वर्षांची, अंगठा करणारी. थोरला मुलगा गावी राहून शेती पाहतो. धाकटा वाळूजला कारखान्यात नोकरीला. मोठी लेक, घरात सगळे तिला ताई म्हणतात, १९९३ मध्ये लग्न होऊन बीड जिल्ह्यात गेली. धाकटी लेक २०१६ मध्ये वारली. तिच्यामागे नवरा, २२ वर्षांचा मुलगा आणि १७ वर्षांची मुलगी. आबांचे एक धाकटे भाऊ त्याच गावात आहेत आणि बहीण, म्हणजे मुलांची आत्या, परभणीकडे दिलेली.

मिळकतीत वडिलांकडून आलेली ३ हेक्टर २० आर (१ हेक्टर म्हणजे १०० आर) जिरायत जमीन. १९८९ मध्ये आबांच्या नावे नोंदणीकृत खरेदीखताने घेतलेली १ हेक्टर २० आर. तिच्यात विहीर आणि थोरल्याने लावलेली मोसंबी. जालना शहरात १९९६ मध्ये घेतलेल्या एन.ए. (बिगरशेती) प्लॉटवर दोन खोल्यांचे घर, भाड्याने दिलेले. गावठाणातला वाडा. सहा लाखांची मुदत ठेव, पेन्शनचे खाते, एक विमा पॉलिसी. आणि सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात विकास सोसायटीचा २ लाख ४० हजारांचा बोजा.

थोरल्याचे म्हणणे सरळ होते: तीस वर्षं राबलो मी, बहिणींना लग्नात दिले, भाऊ नोकरीवर, मग वावर माझे. आबांचे म्हणणेही तेच, फक्त जरा मोठ्या आवाजात. वकिलांनी वाद घातला नाही, कागद मागितले.

कोणते कागद, आणि त्यांतून काय निघाले

मराठवाड्यात जुन्या नोंदींचा शोध इतर भागांपेक्षा एक पायरी खोल जातो. १९४८ पर्यंत निजामाची राजवट, पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, त्यामुळे काही कागद उर्दूत, सन फसली. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन येतो. येथे पाया धरला जातो तो १९५४-५५ च्या खासरा पत्रकाचा, म्हणजे त्या वर्षीच्या शेतनिहाय मालक-कब्जेदारांच्या नोंदीचा. त्याच्या जोडीला पहाणीपत्रके (पिकांच्या नोंदी), सेतवार (क्षेत्र व आकाराची नोंदवही) आणि तेव्हापासूनचे सगळे फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधल्या नोंदी. आजचा सातबारा आणि ८अ मोबाइलवर मिळतो, पण तो मालकीचा इतिहास सांगत नाही. तो इतिहास फेरफारात असतो. त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नकला घ्याव्या लागतात.

दोन्ही गटांच्या खासरा पत्रकात वकिलांनी आधी एकच गोष्ट तपासली: इनाम, मदतमाश (निर्वाहासाठी दिलेले इनाम), खिदमतमाश (सेवेसाठी दिलेले इनाम), कूळ किंवा देवस्थान अशी काही नोंद आहे का. मराठवाड्यात मदतमाश आणि खिदमतमाश जमिनींचे कित्येक व्यवहार परवानगीशिवाय झालेले आहेत. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२', म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन, असे असेल तर मृत्युपत्र कितीही सुबक केले तरी पुढे हस्तांतरण अडते. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० खाली कुळाला मिळालेल्या जमिनीचेही तसेच. या घरातले दोन्ही गट वर्ग-१ निघाले.

मग वडिलोपार्जित गट. खासरा पत्रकावर आबांच्या आजोबांचे नाव, आणि ते १९५५ मध्ये वारल्याचा फेरफार. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ ला लागू झाला. मृत्यू त्याच्या आधीचा असल्याने जमीन आबांच्या वडिलांकडे आली ती जुन्या मिताक्षरा कायद्याने, म्हणजे सहदायकी (जन्मानेच हक्क येणारी एकत्र कुटुंबाची मिळकत) म्हणून. ती त्यांची एकट्याची कधीच नव्हती.

आबांचे वडील १९७२ च्या दुष्काळात गेले. आई त्याआधीच गेलेली. तेव्हा पूर्ण क्षेत्र ६ हेक्टर ४० आर होते. फेरफारात फक्त दोन मुलांची नावे लागली, बहिणीचे लागले नाही. १९७८ मध्ये दोघा भावांनी तलाठ्यापुढे निम्मे-निम्मे वाटून घेतले. ना नोंदणीकृत दस्त, ना कोर्टाचा हुकूमनामा.

आता खरी आकडेमोड. १९७२ मध्ये लागू असलेल्या कायद्यानुसार, मागे मुलगी असल्याने, वडिलांच्या मृत्यूआधी क्षणभर वाटणी झाली असे मानायचे. वडील आणि दोन मुलगे, प्रत्येकी एक तृतीयांश. वडिलांचा तो एक तृतीयांश मग तिन्ही मुलांत समान, म्हणजे प्रत्येकाला एकूण जमिनीचा एक नवमांश. बहिणीचा वाटा ७१.११ आर, आणि त्यातला निम्मा, ३५.५६ आर, आबांच्या ताब्यातल्या गटात अडकलेला.

आबांच्या ३ हेक्टर २० आरची फोड अशी झाली: २१३.३३ आर सहदायकी, ज्यात आबांच्या मुलाबाळांचा जन्माने हक्क, ७१.११ आर वडिलांच्या वाट्यातून उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे वारसाने आलेले, म्हणून आबांचे स्वतःचे; आणि ३५.५६ आर आत्याचे. गावात आणि चावडीवर सरसकट 'वडिलोपार्जित ३ हेक्टर २० आर, भागिले सहा' असा हिशेब केला जातो. तो केला असता तर आबांच्या स्वतःच्या ७१ आरवर पाणी पडले असते आणि आत्या गणतीतच आली नसती.

२१३.३३ आरमध्ये हिस्सेदार सहा: आबा, दोन मुलगे, दोन लेकी आणि, वाटणी होते तेव्हा मुलाइतका वाटा घेणारी पत्नी. प्रत्येकी ३५.५६ आर.

लेकींच्या नावाला घरात जोरदार विरोध झाला आणि त्याला एक जुना आधारही होता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून लेकींना सहदायक केले, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्यांना वगळून. ताईचे लग्न १९९३ चे. गावातल्या एका जाणत्याने तेच सांगून ठेवलेले. परंतु ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची अट नाही, आणि विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले की लेकीचा हक्क मुलासारखाच जन्माने येतो. वारलेल्या लेकीचा वाटाही जिवंत आहे. ती २०१६ मध्ये गेली, म्हणून तो उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १५ प्रमाणे तिच्या नवऱ्याकडे आणि दोन्ही मुलांकडे समान उतरतो.

म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या त्या कागदाने आबांनी थोरल्याला जे दिले होते, त्यातले वडिलोपार्जित गटापैकी त्यांचे स्वतःचे जेमतेम १०६.६७ आर होते: ७१.११ अधिक ३५.५६. बाकीचे २१३ आर देण्याचा अधिकारच त्यांना नव्हता.

मर्जी कुठे चालते

या बैठकीनंतर घरातली चर्चा बदलली. वकिलांनी आबांपुढे मांडलेला मुद्दा असा: थोरल्याच्या कष्टाची भरपाई करायची असेल तर ती स्वकष्टार्जित जमिनीतून करा, तिथे तुमची मर्जी पूर्ण चालते. वडिलोपार्जित गटात कायद्याने जो वाटा ज्याचा, तो सोडा. मोसंबीची १ हेक्टर २० आर थोरल्याला देण्यापासून कोणीही रोखू शकत नव्हते. मग बहिणींच्या ३५ आरसाठी भांडण कशाला?

अट एकच, ती जमीन स्वकष्टार्जित आहे हे कागदाने सिद्ध व्हावे. एकत्र कुटुंबाकडे उत्पन्न देणारी जमीन असताना कर्त्याने खरेदी केली, की 'सामाईक पैशातून घेतली' असा दावा नेहमी येतो. येथे आबांचा पगार कामी आला. १९८९ मधला भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढल्याचा आदेश, सेवापुस्तकाची नक्कल, खरेदीखतातली रक्कम आणि तारीख हे सगळे जुळले. हे कागद मृत्युपत्राच्या संचात जोडून ठेवले. शिक्षक, एस.टी. कर्मचारी, पोलीस यांच्या घरात असे पुरावे ट्रंकेत सापडतात. निव्वळ शेतकऱ्याच्या घरात ते उभे करणे अवघड असते, आणि तिथे सगळ्या सज्ञान वारसांची संमती दस्तातच घेणे शहाणपणाचे.

थोरल्याने मधेच एक सूचना केली: मृत्युपत्र नको, आत्ताच सगळे बक्षीसपत्र करून टाका, खर्चही कमी. खर्चाबाबत त्याचे खरे होते. मुलगा, मुलगी, पत्नी, नातवंडे यांना शेती किंवा निवासी घर बक्षीस दिल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा लागतो का, ते दुय्यम निबंधकाकडे आधी विचारावे). पण बक्षीसपत्र परत फिरवता येत नाही. ज्येष्ठ नागरिक अधिनियम, २००७ च्या कलम २३ खाली, सांभाळ न केल्यास, उपविभागीय अधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात ते रद्द करून घेण्याची वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ च्या निकालात या कलमाचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावला. तरीही ७४ व्या वर्षी मुलाविरुद्ध दाद मागावी लागणे हीच मोठी हार. वकिलांनी शेतीचे बक्षीसपत्र करायला साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता.

मुखत्यारपत्राचाही विषय निघाला. ते करणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. नियोजन म्हणून त्याचा उपयोग शून्य.

हक्कसोडपत्र: कोणाच्या नावे, आणि कोणत्या दिवशी

ताईला जमीन नको होती. तिला जालन्याचे घर हवे होते, कारण तिचा मुलगा तिथे शिकतो. थोरल्याची मांडणी अशी: ताईने आत्ता हक्कसोडपत्र द्यावे, आबा घर तिला मृत्युपत्रात लिहून ठेवतील.

बहिणी फसतात त्या नेमक्या येथे, आणि बहुतेक वेळा कोणाच्या मनात पाप नसताना. नोंदणीकृत हक्कसोडपत्र त्याच दिवसापासून पक्के असते. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतो. आज पक्के देऊन उद्याचे कच्चे घेणे हा सौदा होत नाही. वकिलांनी ताईला सरळ सांगितले की ते आबांचे वकील आहेत, तिने सल्ला दुसरीकडून घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ताईने तोच मार्ग धरला. शेवटी ठरले ते असे: जालन्याच्या घराचे बक्षीसपत्र आधी, ताबा आणि भाडेकरूला पत्रही तेव्हाच, आणि त्यानंतरच हक्कसोडपत्र. दोन्ही दस्त एकाच दिवशी झाले असते तर बरे, पण घर जालन्यात आणि शेत अंबडमध्ये, म्हणून बक्षीसपत्राचा दस्त क्रमांक हातात आल्यावर दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्र झाले. (प्लॉट एन.ए. आणि खरेदीखत नोंदणीकृत होते म्हणून हे सोपे गेले. गुंठेवारीत बाँडवर घेतलेला प्लॉट असता तर आधी नियमितीकरण, मग बाकी सगळे.)

ताईने हक्क सोडला तो आईच्या नावे, भावांच्या नाही. ही सूचना तिच्या वकिलांची. वडिलोपार्जित मिळकतीतले हक्कसोडपत्र आई-वडील, भाऊ-बहीण, मुले, जोडीदार यांच्या लाभात केले तर मुद्रांक नाममात्र लागतो, मग आईच्या लाभात का नको? आईचे ३५.५६ आणि ताईचे ३५.५६ मिळून ७१.११ आर आईच्या स्वतःच्या नावावर आले. नवऱ्यामागे मुलांच्या दारात राहायचे आहे त्या बाईच्या हातात पावणेदोन एकराचा सातबारा असणे ही वेगळीच गोष्ट आहे.

आत्याचे हक्कसोडपत्र जास्त नाजूक. कायद्याच्या सरळ हिशेबाने तिचे ३५.५६ आर. पण १९७८ ची वाटणी नोंदणीकृत नसल्याने २०२० च्या निकालाचा आधार घेऊन तिच्या बाजूने त्याहून मोठा दावा मांडता येतो. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटण्यांना संरक्षण आहे ते नोंदणीकृत दस्त किंवा हुकूमनामा असेल तर. तोंडी वाटणी न्यायालय अपवादानेच, पक्क्या सार्वजनिक कागदांच्या आधारे मान्य करते. तो दावा टिकेल की नाही यावर दोन वकिलांची दोन मते पडतील. म्हणून दस्तात आकडा न टाकता 'सदर गटात माझा जो काही व जेवढा हक्क असेल तो' अशी भाषा वापरली, गट क्रमांक फक्त आबांचा लिहिला आणि धाकट्या भावाचा गट स्पष्ट शब्दांत वगळला. आत्याला हे सगळे तिच्या मुलासमोर वाचून दाखवले. तिने मोबदला घेतला नाही. घेतला असता तर तो दस्तात लिहावाच लागला असता, आणि मुद्रांकाचा हिशेबही बदलला असता. खाली रोख देऊन वर 'विनामोबदला' लिहिणे हा भविष्यातल्या दाव्याला स्वतःच्या हाताने दिलेला पुरावा असतो.

आत्याचे ३५.५६ मिळून आबांचे स्वतःचे क्षेत्र १४२.२२ आर झाले.

मृत लेकीच्या वारसांकडूनही हक्कसोड घ्यायची घाई चालली होती. ती थांबवली. नात १७ वर्षांची. तिला आईकडून आलेला हिस्सा तिची स्वतंत्र मिळकत आहे. अज्ञानाची (अठरा वर्षांखालील व्यक्तीची) अशी स्थावर मिळकत बापालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही, हिंदू अज्ञान व पालकत्व अधिनियम, १९५६ चे कलम ८. परवानगीशिवाय केलेला दस्त ती सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकते. जावयाने दुसरे लग्न केलेले असल्याने त्याचा तृतीयांश दुसऱ्या घरात जाईल ही धाकधूक सगळ्यांना होती. त्याने स्वतःहून तो आपल्या दोन्ही मुलांच्या लाभात सोडला. ते चालते, कारण तो स्वतःचा हिस्सा सोडत होता, मुलीचा नाही.

वाटणीपत्र

दोन रस्ते होते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप, किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र. पहिला स्वस्त आणि लोकप्रिय. पण सातबाऱ्यावर नाव एकट्या आबांचे होते, आणि पुढे कोणी लेकीच्या हक्काचा प्रश्न काढला तर न्यायालय बघते ते नोंदणीकृत दस्ताकडे. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतल्यामुळे खर्चाचा बहाणाही उरला नव्हता. दुसरा रस्ता घेतला.

प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ती मर्यादा, तपासले. ऑगस्ट २०२३ पासून जिरायतीसाठी २० गुंठे, बागायतीसाठी १० गुंठे. सर्वांत लहान वाटा ३५.५६ आर, म्हणजे ३५ गुंठ्यांच्या वर, अडचण नाही. मात्र दोन नातवंडांनी तो पुढे आपसांत निम्मा केला तर प्रत्येकी १७-१८ गुंठे होतील आणि जिरायतीत तो तुकडा ठरेल. म्हणून त्यांचा वाटा सामाईकच ठेवला.

दस्ताआधी मोजणी करून घेतली. सातबारा आणि आकारबंद (भूमी अभिलेख खात्याची क्षेत्र व आकाराची नोंद) यांत चार आरची तफावत निघाली. ती आधी दुरुस्त झाली नसती तर फेरफार मंडळ अधिकाऱ्याच्या टेबलावर अडकला असता. नकाशावर हद्दी टाकून नकाशा दस्ताला जोडला.

ज्यावरून गावात खरी डोकी फुटतात ती कलमे यापुढची. रस्ता: पूर्वेच्या धुऱ्याने ३ मीटर, सगळ्या वाट्यांना, बैलगाडी आणि ट्रॅक्टरसाठी. बोजा: सोसायटीचे २ लाख ४० हजार थोरला फेडील, फेडेपर्यंत बोजा सगळ्या वाट्यांवर दिसेल याची जाणीव सगळ्यांना आहे. पाणी: विहीर मोसंबीच्या गटात, म्हणजे पुढे थोरल्याकडे जाणारी. तिच्यातून धाकट्याच्या वाट्यापर्यंत जमिनीखालून पाइप टाकण्याचा कायमचा हक्क, आणि वारांची पाळी: थोरल्याचे चार दिवस, धाकट्याचे तीन. त्याला एक अपवाद जोडला. आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीत ताण देऊन पाणी सुरू केले की फळ धरण्यापासून मेअखेरपर्यंत मोसंबीला पाणी चुकवून चालत नाही. म्हणून फेब्रुवारी ते मे विहिरीत पाणी ठरलेल्या खुणेखाली गेल्यास आधी बाग, मग बाकी. ही अट शेतकऱ्यांनी सांगितली म्हणून लिहिली गेली. वकिलाला ती सुचली नसती. कृषिपंपाची जोडणी आबांच्या नावे, ती मृत्यूनंतर थोरल्याच्या नावे होईल आणि बिल दिवसांच्या प्रमाणात.

नातवंडांचे ३५ आर कसणार थोरलाच, बटईने. दरवर्षी लेखी, आणि ई-पीक पाहणी नातवाच्या नावाने. कुळाची भीती मराठवाड्यात अजून खरी आहे आणि दोन्ही बाजूंना असते.

शेवटी मृत्युपत्र

एवढे झाल्यावर मृत्युपत्र अडीच पानांत बसले. आधीचे मृत्युपत्र तारीख आणि नोटरीच्या नोंद क्रमांकासह रद्द. मोसंबीची १ हेक्टर २० आर विहिरीसह थोरल्याला, आणि कारण एका वाक्यात: बाग त्याने उभी केली. वाटणीत आलेले १४२.२२ आर धाकट्याला. मुदत ठेवीतले दोन लाख मृत लेकीच्या दोन मुलांना समान, बाकी पत्नीला. वाड्यात पत्नीला हयातभर राहण्याचा हक्क. न लिहिलेली किंवा पुढे मिळणारी मिळकत पत्नीला, ती नसेल तर चारही मुलांच्या शाखांना समान. कोणी लाभार्थी आबांआधी गेला तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना. ही शेवटची दोन कलमे टायपिंगवाल्याच्या मसुद्यात कधी नसतात आणि भांडण हमखास तिथूनच सुरू होते.

पत्नीला थोडी शेती 'हयातीपुरती' द्यावी असे आबांच्या मनात होते. ते वगळले. पोटगीच्या हक्कापोटी हिंदू स्त्रीला दिलेला मर्यादित हक्क उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम १४(१) खाली पूर्ण मालकीचा होऊ शकतो. १९७७ पासून यावर निकालांची रांग आहे आणि प्रत्येक मजकुराचा अर्थ वेगळा लागतो. द्यायचे ते पूर्ण द्यावे. तिच्याकडे ७१ आर आलेलेच होते.

साक्षीदार दोन, दोघेही पन्नाशीच्या आतले, लाभार्थी नसलेले आणि थोरल्याच्या सासरचे नसलेले. मृत्यूनंतर त्यांपैकी किमान एकाला न्यायालयात उभे राहावे लागू शकते, म्हणून आबांच्या वयाचा मित्र टाळला. दोघे आणि आबा एकाच खोलीत, प्रत्येक पानावर सही. आबांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, म्हणून 'वाचून दाखवले व समजले' हे कलम, आणि त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र. थोरला त्या दिवशी मुद्दाम बरोबर नव्हता. ज्याला जास्त मिळते तोच गाडी काढतो, तोच साक्षीदार आणतो आणि तोच फी भरतो, अशी स्थिती दिसली की मृत्युपत्रावरचा संशय दूर करण्याचा बोजा त्याच्यावर पडतो.

नोंदणी सक्तीची नाही, तरी करून घेतली. फी १०० रुपये, मुद्रांक नाही. दुय्यम निबंधकापुढे ओळख पटवणारे दोघे आपोआप मृत्युपत्राचे साक्षीदार होत नाहीत, ही गल्लत फार होते. येथे तीच दोन माणसे दोन्ही ठिकाणी घेतली. आबा हयात असेपर्यंत या दस्ताची नक्कल त्यांच्याशिवाय कोणाला मिळत नाही. मराठवाड्यात प्रोबेट (न्यायालयाकडून मृत्युपत्र प्रमाणित करून घेणे) सक्तीचे नाही. पण वारसांनी हरकत घेतली तर महसूल अधिकारी मृत्युपत्राची वैधता ठरवत नाही, प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते.

त्याच दिवशी पत्नीचेही मृत्युपत्र झाले, अंगठ्याने. ते कोणाच्या लक्षातच नव्हते.

बँकेत मुदत ठेवीवर नामनिर्देशन थोरल्याचे होते. बँकेतला नामनिर्देशित फक्त पैसे उचलणारा, मालक नाही. तरी भांडण नको म्हणून ते बदलून पत्नीचे केले. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींवर चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, पण येथे गरज नव्हती. विम्याचे वेगळे आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार, मुले नामनिर्देशित असतील तर रक्कम त्यांची स्वतःची होते. पॉलिसीवर पत्नीचेच नाव होते, तसेच ठेवले. कुटुंब निवृत्तिवेतन तर मृत्युपत्राचा विषयच नाही, ते नियमाने पत्नीला जाईल. फक्त पेन्शनच्या कागदावर आणि आधारवर तिच्या नावाचे स्पेलिंग वेगवेगळे होते, ते जुळवून घेतले.

वाड्याचे काम अजून बाकी आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर आबांच्या वडिलांचे नाव आहे, आणि नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. गावठाणाची ड्रोन मोजणी होऊन मिळकत पत्रिकेची चौकशी लागेल तेव्हा आबा, त्यांचे भाऊ आणि आत्या अशी तिघांची नावे लावण्याचा अर्ज तयार करून ठेवला आहे. वाटणीपत्राचा फेरफार नोटिशीच्या १५ दिवसांत हरकत न आल्याने मंजूर झाला. नात सज्ञान झाल्यावर तिच्याकडून वाटणीपत्राला मान्यतेचा स्वतंत्र दस्त घ्यायचा, ती तारीख वकिलांच्या डायरीत आणि ताईच्या मोबाइलमध्ये आहे. मूळ मृत्युपत्र त्याच्या अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक म्हणून नेमलेल्या आबांच्या भाच्याकडे आहे. मृत्यूनंतर तीन महिन्यांत ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या तलाठ्याकडे) वर्दी द्यायची, एवढे त्याला लिहून दिले आहे.